बोलीचा मोबदला: खळ्यापासून माथाडी मंडळापर्यंत

काम करून दिले, पैसे यायचे आहेत आणि हाती कागदाचा कपटाही नाही, अशा माणसाला आपल्याकडे दोन गोष्टी हमखास ऐकाव्या लागतात. कोणी म्हणतो, पूर्वी शब्दाला किंमत होती, आता माणसेच तशी राहिली नाहीत. कोणी म्हणतो, आधी लिहून घ्यायला हवे होते. पहिल्या बोलण्यामागे जुन्या गावाबद्दलची एक समजूत आहे, दुसऱ्यामागे कायदा आणि कागद यांच्याबद्दलची. महाराष्ट्रातल्या श्रमाचा गेल्या दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास तपासला तर या दोन्ही समजुती टिकत नाहीत. जुन्या गावात लोक शब्दाला जागत म्हणून कारागिराला त्याचे दाणे मिळत होते असे नाही, आणि कागद आल्याने कष्टकऱ्याचे पैसे सुरक्षित झाले असेही नाही. तोंडी ठरलेल्या कामाचा मोबदला पदरात पडणे हे दुसऱ्याच गोष्टींवर अवलंबून राहिले आहे: वसुली कुठे होते, कधी होते, कोणाच्या देखत होते आणि देणाऱ्याच्या मर्जीपासून ती किती दूर नेलेली आहे. ही व्यवस्था जिथे होती तिथे बोली पाळली गेली. जिथे ती मोडली तिथे बोली आणि कागद दोन्ही कुचकामी ठरले.

बलुतेदारीपासून सुरुवात करणे भाग आहे, कारण ‘पूर्वी शब्दाला किंमत होती’ असे म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तेच गाव असते. सुताराने वर्षभर नांगर, कुळव, पाभर दुरुस्त करायची, लोहाराने फाळ शेवटायचा, चांभाराने मोट शिवायची, मांगाने दोर आणि कासरे वळायचे, कुंभाराने मडकी पुरवायची. त्या त्या वेळी कोणी पैसे देत नसे आणि कोणी मागतही नसे. कामागणिक हिशेब नव्हता, लेखी करार तर नव्हताच. देणे फिटायचे ते सुगीत, खळ्यावर. मळणी झाली, रास पडली, की धान्य घरी जाण्यापूर्वी बलुतेदार खळ्यावर येत आणि आपापल्या पेंढ्या व दाणे घेऊन जात. थोरली, मधली आणि धाकटी अशा प्रतवारीने कोणाचा वाटा किती हे गावाच्या वहिवाटीने ठरलेले असे. या रचनेतली महत्त्वाची गोष्ट म्हणजे जागा आणि वेळ. शेतकऱ्याच्या घरी वर्षभर धान्य कणगीत दडलेले असते आणि ते किती आहे हे बाहेरच्याला कळत नाही. खळ्यावर मात्र पीक उघड्यावर पडलेले असते, सगळ्यांना दिसते, आणि नाही म्हणायला सबब उरत नाही. शिवाय एक बलुतेदार एकटा येत नाही. सगळे येतात आणि एकमेकांसमोर घेतात. कोणाला किती दिले हे गावाला कळलेले असते.

हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने 1972 मधल्या आपल्या निबंधात दाखवून दिले की अठराव्या शतकातल्या मराठी गावातला बलुतेदार हा एखाद्या घराण्याचा नोकर नव्हता. उत्तरेकडच्या यजमानी पद्धतीत कारागीर आणि ठरावीक घरे यांचे नाते असते असे मानले जाते. इथे तो साऱ्या गावाचा सेवक होता आणि त्याची जागा हे त्याचे वतन होते. या निष्कर्षाचा मोबदल्याशी थेट संबंध आहे. एखाद्या कुणब्याने बलुते द्यायचे टाळले तर तो एका सुताराशी भांडत नव्हता, गावाने मान्य केलेल्या वतनावर हात टाकत होता. वतनाचा तंटा गोतसभेपुढे जाई, तिथे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि शेजारच्या गावांचे लोक बसत, साक्षी होत, प्रसंगी दिव्यही केले जाई, आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्या महजरांवर लिहिता न येणाऱ्यांच्याही निशाण्या आहेत: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. म्हणजे ज्याला आपण निव्वळ तोंडी व्यवहार समजतो त्याच्या पाठीशी साक्षीदार, पंच आणि गरज पडली तर लेखही उभा होता. आणि बलुतेदारांच्या हाती आणखी एक साधन होते. पेरणीच्या तोंडावर सुताराने हात आखडला तर पाभर चालत नाही. वर्षभराचे काम वर्षाच्या शेवटी मिळणाऱ्या दाण्यांवर करणाऱ्याला ही सोय फार मोलाची होती, कारण पुढचे वर्ष त्याच शेतकऱ्याला पुन्हा त्याच्याच दारी यावे लागे.

यावर आक्षेप येतो, आणि तो जुना आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’त शेतकऱ्याची बाजू तपशिलाने मांडली. काम होवो न होवो, बलुतेदार हक्क म्हणून धान्य उचलतात, कामात चालढकल करतात, आणि साऱ्याचा भार कुणब्यावर पडतो, ही त्यांची तक्रार होती. ती खोटी म्हणता येणार नाही. जन्माने मिळालेल्या हक्कात कामाचा दर्जा तपासायची सोय नसते. मुंबई उच्च न्यायालयापुढे गेलेल्या गावजोशांच्या दाव्यांत याचे टोक दिसते. यजमानाने दुसऱ्या भटजीकडून धर्मकृत्य करून घेतले तरी वतनदार जोशाला त्याची दक्षिणा वसूल करता येते, अशी भूमिका न्यायालयाने एकोणिसाव्या शतकात घेतली. कामच न केलेल्याला मोबदला मिळण्याइतका हा हक्क बळकट होता. पण आत्र्यांच्या तक्रारीतून माझ्या म्हणण्याला पुष्टीच मिळते. बलुते हे शेतकऱ्याच्या खुशीवर चालत असते तर नाराज शेतकऱ्याने ते केव्हाच थांबवले असते. नाराजी असूनही ते द्यावे लागत होते, याचा अर्थ वसुलीमागे विश्वासाहून भक्कम काहीतरी होते.

मात्र हे बळ सगळ्यांना सारखे नव्हते, आणि जुन्या गावाचे गोडवे गाताना नेमके हेच विसरले जाते. महाराच्या वाट्याला आलेले काम मोजता येण्याजोगे नव्हते. वेशीची राखण, हद्दीची साक्ष, सरकारी पत्र आणि साऱ्याची रक्कम पोचवणे, आल्यागेल्या अंमलदाराची बडदास्त, मेलेली गुरे ओढणे. यांना ना वेळ होती ना सीमा. सुताराला हात आखडता येत होता, महाराला आखडता येत नव्हता, कारण त्याच्या नकाराला गाव आणि सरकार दोघेही गुन्हा समजत. काम थांबवण्याची मुभा नसेल तर खळ्यावरचा हक्क हळूहळू भिकेच्या पातळीवर येतो. 1928 मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने 1930 च्या अहवालात हे नोंदवले आहे. अस्पृश्यांनी सार्वजनिक विहिरी, रस्ते, शाळा यांवरचा आपला हक्क बजावला की गाव त्यांच्यावर बहिष्कार घाली, आणि गावकीच्या कामांबद्दल पिढ्यान्‌पिढ्या मिळत आलेले दाणे बंद करी. शब्दाची किंमत किती होती याचे उत्तर या एका नोंदीत आहे. ज्याच्याकडे पर्याय नाही त्याच्याशी झालेली शेकडो वर्षांची बोली गावाने एका हंगामात मोडली.

याच्यावरचा उपाय सर्वांत स्पष्टपणे मांडला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. मार्च 1928 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात 1874 च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. त्यांचा मुद्दा साधा आणि नेमका होता. महार वतनदार सरकारचे काम करतो, पण त्याचा मोबदला देतात रयत, तोही धान्याच्या रूपात आणि त्यांच्या मनाला येईल तसा. काम एकाचे, देणारा दुसरा, आणि कामाला मर्यादा नाही, अशा अवस्थेत मोबदला मिळणार तरी कसा? म्हणून बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करावे, सरकारने ती शेतसाऱ्याबरोबर वसूल करावी आणि कामे निश्चित करावीत, असे त्यांनी सुचवले. विधेयक समितीकडे गेले, त्याला फाटे फुटले आणि 1929 मध्ये ते मागे घ्यावे लागले. गावकामगारांची कनिष्ठ वतने संपली ती राज्याच्या 1958 च्या कायद्याने. पण विधेयक मंजूर झाले नाही तरी त्यातला विचार मोठा आहे. आंबेडकरांनी गावकऱ्यांना उदार व्हायला सांगितले नाही, महारांना लेखी करार करा असेही सांगितले नाही. देणाऱ्याच्या हातातून वसुली काढून घ्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

या विधेयकाच्या वेळेपर्यंत गावाबाहेर इंग्रजी कायद्याने तोंडी बोलीचे काय केले होते, ते पाहू. 1872 चा करार कायदा तोंडी करार मानतो. त्याचे सत्तरावे कलम त्याहून पुढे जाते. एखाद्याने फुकट करण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने मोबदला द्यावा, करार सिद्ध होवो वा न होवो. पुराव्याचा कायदा तोंडी साक्ष मानतो. मुदतीचा कायदा केलेल्या कामाच्या पैशांसाठी तीन वर्षांची मुदत देतो. कागदोपत्री पाहिले तर कष्टकऱ्याला दाद मागायला कुठे अडसर नाही. मग तो न्यायालयात का दिसत नाही? कारण त्याच्या मागणीसाठी ठेवलेला रस्ता दिवाणी दाव्याचा होता, आणि मालकाच्या मागणीसाठी ठेवलेला रस्ता फौजदारीचा. 1859 चा तेरावा कायदा कलकत्त्याच्या व्यापारी मंडळींच्या मागणीवरून झाला आणि कलकत्ता, मद्रास व मुंबई या शहरांसाठी तो प्रथम लागू केला गेला. आगाऊ रक्कम घेऊन काम न करणाऱ्या कारागिराला वा मजुराला मॅजिस्ट्रेटसमोर उभे करता येई, काम पुरे कर किंवा पैसे परत दे असा हुकूम होई, आणि तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. या कायद्यात करार म्हणजे लेखी किंवा तोंडी, दोन्ही, असे स्पष्ट म्हटले होते. म्हणजे तोंडी बोली सिद्ध करणे अवघड असते ही अडचण मालकाच्या बाबतीत कायद्याने सहज ओलांडली. मजुराची थकलेली मजुरी मात्र देणेघेणेच राहिली: वकील करा, मुद्रांक भरा, साक्षीदार आणा, तारखांना हजर राहा आणि त्या दिवसांची रोजी बुडवा. हा कायदा रद्द व्हायला 1925 साल उजाडले. इतकी वर्षे एकाच बोलीला दोन बाजूंनी दोन वजने होती. ती बोली तोंडी होती म्हणून मजूर हरला, असे म्हणणे या इतिहासाशी प्रामाणिक नाही.

‘लिहून घ्यायला हवे होते’ या सल्ल्याची परीक्षाही याच काळात झाली. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे आणि दुकाने गाठली. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. माणसे मारण्यापेक्षा लोकांचा भर कर्जरोखे हिसकावून जाळण्यावर होता. ज्या समाजात लिहिणारा एक आणि अंगठा उठवणारा दुसरा असतो, तिथे कागद हा लिहिणाऱ्याचा साक्षीदार होतो, याचा याहून ठळक पुरावा सापडणार नाही. सरकारलाही ते मान्य करावे लागले. 1879 च्या दख्खनच्या शेतकरी कायद्याने न्यायालयांना रोख्याच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला आणि दस्त गावच्या निबंधकासमोर लिहून घेण्याची सोय केली. पुराव्याच्या कायद्यानेही केवळ खातेवहीतल्या नोंदीवर कोणाच्या अंगावर देणे लादता येणार नाही असे सांगून ठेवले होते. हा प्रश्न कर्जाचा होता, मजुरीचा नव्हता, असे कोणी म्हणेल. पण त्यातून निघणारा धडा मजुरीलाही लागू आहे. कागद उपयोगी पडतो तो तिसऱ्या माणसासमोर लिहिला गेला तर. म्हणजे पुन्हा साक्षीचाच प्रश्न आला. लेखनाचा उपयोग मी नाकारत नाही. ते एकटे पुरते हा दावा मात्र पुराव्यात बसत नाही.

दरम्यान गावात रयतवारीच्या सारापद्धतीने शेतकरी सरकारशी एकेकटा बांधला गेला, गोतसभेचा निवाडा मागे पडला, आणि कापसासारखे पीक खळ्यावर न थांबता थेट व्यापाऱ्याकडे जाऊ लागले. बलुत्याची जागा आणि साक्ष दोन्ही विरली. रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसे मुंबईच्या गिरण्यांत आली ती या काळात. तिथे भरती दारावर उभ्या जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, तोंडी शब्दावर होई. पगार महिना उलटून गेल्यावर मिळे, म्हणजे कामगाराची काही आठवड्यांची कमाई कायम मालकाकडे अडकलेली असे. खराब ठरवलेले कापड विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापली जाई आणि एका खाड्यासाठी दोन दिवसांची मजुरी बुडवण्याची प्रथा होती. 1924 च्या बोनस संपात वहिवाटीचा दावा उघडपणे मांडला गेला. त्याआधी काही वर्षे गिरण्या दरवर्षी बोनस देत होत्या, तो 1923 साठी नाकारला गेला, आणि दीड लाखाच्या आसपास कामगार दोन महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिले. मुख्य न्यायाधीश मॅक्लाउड यांच्या समितीने निर्णय दिला की वहिवाटीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीनेही बोनसवर कामगारांचा लागू करता येईल असा हक्क नाही. गावात वहिवाट हा हक्काचा पाया होता. गिरणीत तीच वहिवाट मालकाची मेहेरबानी ठरली. फरक वहिवाटीत नव्हता, ती मान्य करणारे गोत शहरात उरले नव्हते हा होता.

त्यानंतरचा 1936 चा वेतन प्रदान कायदा म्हणूनच महत्त्वाचा आहे. त्याने पगाराची रक्कम ठरवली नाही, वसुलीची रीत ठरवली. हजाराहून कमी कामगार असतील तर सात दिवसांत, अधिक असतील तर दहा दिवसांत पगार झालाच पाहिजे, असे त्याने बजावले. कोणत्या कारणासाठी किती कापता येईल याची यादी दिली. कापलेले पैसे परत मिळवण्यासाठी दिवाणी दावा न लावता ठरवलेल्या अधिकाऱ्यापुढे अर्ज करता येऊ लागला, आणि तो अर्ज कामगाराच्या वतीने नोंदलेल्या युनियनचा पदाधिकारी किंवा सरकारी निरीक्षकही करू शकत होता. दिवस ठरला, जागा ठरली, एकट्याने उभे राहण्याची सक्ती गेली. खळ्याचे तीन गुण कारखान्यात आणायचा हा प्रयत्न होता. पण तो आरंभी कारखाने आणि रेल्वेपुरता होता. ज्याचा मालकच रोज बदलतो त्याला त्याचा काय उपयोग?

असा माणूस म्हणजे बाजारातला हमाल. एका दिवसात तो पाच व्यापाऱ्यांची पोती वाहतो, टोळीने काम करतो, दर तोंडी ठरतो, आणि ‘हा आमचा नोकर नाही’ असे पाचही व्यापारी सांगू शकतात. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने आणि मुंबईत अण्णासाहेब पाटलांच्या माथाडी संघटनेने हा प्रश्न लावून धरला, आणि 1969 चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्याची रचना असाधारण आहे. कामगार, मालक आणि सरकार यांच्या प्रतिनिधींचे मंडळ असते. व्यापारी आणि टोळ्या दोघांचीही तिथे नोंद होते. केलेल्या कामाची मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही व्यापारी मंडळाकडे भरतो आणि मंडळ कामगाराला पगार देते. भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधोपचार यांची सोय त्या लेव्हीतून होते. नोकर कोणाचा हा वादच यात बाजूला पडतो. आंबेडकरांनी 1928 मध्ये मागितलेली गोष्ट, देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये वसुली करणारी तिसरी संस्था, इथे प्रत्यक्षात आली. आणि ती जन्माशी बांधलेली नसल्यामुळे बलुत्याचा मोठा दोषही तिच्यात राहिला नाही.

या मंडळांविरुद्ध बोलणारे पुष्कळ आहेत. माथाडीच्या नावाखाली खंडणी मागितली जाते, काम न करणाऱ्यांची नावे टोळ्यांत घुसवली जातात, खर्च वाढतो, असे उद्योजक सांगतात. या तक्रारींत तथ्य आहे आणि खंडणीखोरांना कायद्याने आवरलेच पाहिजे. काम न करता मोबदला, हा आत्र्यांनी बलुतेदारांवर ठेवलेला आरोपच इथे परत आला आहे. पण त्यावर मंडळ मोडणे हा उपाय नाही. नोंद चोख ठेवली आणि टोळीची हजेरी तपासली तर गैरप्रकार आवरता येतात. मंडळ मोडले तर हमाल पुन्हा पाच व्यापाऱ्यांच्या मर्जीवर जाईल. वसुलीची व्यवस्था नसली की काय होते हे पाहायला ऊसतोडीकडे पाहावे. तिथे मुकादमाकडून उचल आधी मिळते, नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि हंगाम संपताना किती टन तोडले, किती फिटले याचा हिशेब मुकादमाच्या तोंडून ऐकावा लागतो. बाईच्या श्रमाचा वेगळा हिशेबच नसतो. पैसे घेऊन काम न करणाऱ्याला तुरुंगात टाकणारा 1859 चा कायदा गेला, पण फिटेपर्यंत पुन्हा येण्याची सक्ती त्या कायद्याशिवायही चालू आहे.

म्हणून आज फोनवर ठरलेल्या कामाचे, रंगकामाचे, शिवणाचे, भाषांतराचे, धुण्याभांड्यांचे पैसे थकलेल्या माणसाला शब्दाच्या ऱ्हासाची कहाणी ऐकवणे अन्यायाचे आहे. त्याचा हक्क कायद्यात पूर्वीपासून आहे. त्याच्याकडे नाही ते खळे: पैसे चुकते होण्याचा ठरलेला दिवस, चारचौघांची साक्ष, आणि बुडवणाऱ्याकडे पुढच्या वेळी कोणीच काम करणार नाही अशी एकजूट. या तिन्ही गोष्टी महाराष्ट्राने दोनदा उभ्या केल्या, एकदा जातीच्या चौकटीत आणि एकदा ती चौकट ओलांडून. दुसऱ्या प्रयत्नातून शिकून घरकामगार, ऊसतोड मजूर आणि सुटे काम करणाऱ्या प्रत्येकासाठी मजुरी भरून घेणारी मंडळे उभी करणे हे सरकारचे आणि संघटनांचे काम आहे. कष्टकऱ्याने आपल्याच घामाचे दाम मागत दारोदार फिरायचे, ही रीत कोणत्याही काळात परंपरा म्हणून मान्य करण्याजोगी नव्हती, आणि आजही नाही.